विहीणबाईंचा घास

आमच्या विहीणबाई, म्हणजे मुलीच्या सासूबाई, सांगोल्याकडच्या. नवा पदार्थ समोर आला की आधी त्याचा वास घेतात आणि गावाकडच्या खाण्याशी त्याचं नातं जोडतात. जावई कापड गिरणीच्या नोकरीसाठी अदिस अबाबाला आहेत, म्हणून यंदा विहीणबाई आणि मी सोलापूरहून तिकडं गेलो. जावयांच्या घरमालकिणीनं जेवायला बोलावलं. एकाच मोठ्या ताटात जाळीदार, आंबूस भाकरी आणि तिच्यावर डाळी, भाज्या. सगळ्यांनी त्यातच जेवायचं. मी अवघडलो.

"पाव्हणं, धिरडंच हाय की! खावा," विहीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात म्हाताऱ्या मालकिणीनं घास करून त्यांच्या तोंडापुढं धरला. पाहुण्याला भरवायची तिथली रीत आहे. विहीणबाई थबकल्या. आपल्याकडं घास भरवताना नाव घ्यायचं असतं, आणि त्या विधवा. मुलाच्या लग्नात बायका नावं घेऊ लागल्या तशा त्या उठून गेल्या होत्या. मी पाहिलं होतं आणि 'बसा' म्हणालो नव्हतो. ते मला अजून लागतं.

इथं त्या उठल्या नाहीत. पदर सारखा करून खणखणीत म्हणाल्या,

"आंबट भाकरीला जाळी दाट,
सदाशिवरावांचं नाव घेते, दोघींचं एकच ताट."

आणि घास घेतला.

तिथली भाषा शिकलेल्या माझ्या मुलीनं मालकिणीला अर्थ सांगितला. मालकीणही नवऱ्यामागं एकटीच राहिलेली. मग तिनं आपल्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं आणि विहीणबाईंपुढं तोंड उघडलं.