जागी बाजू

बसमध्ये कंडक्टरला धक्का लागला म्हणून कुणी माफी मागत नाही. उत्तरेश्वर ढवळे यांनी वारजे ते मंडई या फेऱ्यांत तीस वर्षं असे धक्के खाल्ले. "अहो, पुढे सरका, बसचा पुढचा भागही पुण्यातच येतो," असं ते अजिबात न हसता म्हणायचे आणि गर्दी मुकाट्याने सरकायची. माणूस मूळचा लातूरकडचा, पण कुजकं बोलणं त्यांनी पुण्यात उतरल्याबरोबर उचललं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या डाव्या बरगड्यांवर आग व्हायला लागली. पाठोपाठ पाठीकडून पोटाकडे सरकत जाणारं पुरळ उठलं. बायकोने, सुशीलाबाईंनी, एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "नागीण आहे." नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस संपला, हे दोघांनीही लहानपणापासून ऐकलेलं. मग दवाखाना राहिला बाजूला आणि दोघं गेले कुंभारवाड्यातल्या मुक्ताईंकडे, गेरूचा लेप लावून घ्यायला. रोज सकाळी सुशीलाबाई दोन टोकांमधलं अंतर वितीने मोजायच्या. वीत भरली की नवरा शाबूत. अख्खं घर त्या मोकळ्या जागेवर डोळे लावून बसलं होतं, आणि आग कुठवर पोचलीय हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

टोकं भेटली नाहीत. खपल्या गळून पडल्या. सुशीलाबाईंनी पेढे वाटले.

दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. कातडी वरून स्वच्छ, आणि सदऱ्याची बाही घासली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. बसमध्ये कुणाच्या पिशवीचा कोपरा लागला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दिसत काहीच नव्हतं, त्यामुळे डेपोत कुणी म्हणालं, "ढवळे, रजेसाठी सोंग झकास जमलंय हां." त्यांनी बॅग उजव्या खांद्याला अडकवली आणि ते बसकडे निघाले.

नात राजनंदिनी पाच वर्षांची. आईवडील कामावर, म्हणून ती संध्याकाळपर्यंत आजीकडे असायची. आजोबा ड्यूटीवरून आले की धावत येऊन त्यांच्या डाव्या अंगाला बिलगायची, कारण उजवीकडे तिकिटांची बॅग लटकलेली असायची. एका संध्याकाळी ती अशीच बिलगली आणि उत्तरेश्वरांच्या हाताने तिला ढकलून दिलं. पोर फरशीवर बसली. रडली नाही, नुसती बघत राहिली. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

त्या दिवसापासून ती फ्रिजपाशी उभी राहून विचारायची, "आजोबा, दुखतंय का?" ते हो म्हणायचे. ती परत खेळायला जायची. तिने पुन्हा जवळ यावं, एवढं एकच त्यांना हवं होतं, आणि तेवढ्यासाठीच ते अखेर सुशीलाबाईंना घेऊन दवाखान्याची पायरी चढले.

डॉक्टर मेहनाज तरुण होत्या. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? ते जंतू तेव्हापासून पाठीच्या कण्याजवळ नसेत लपून बसलेले. तुमच्या रक्तातली फौज त्यांना दाबून होती. वय वाढलं, फौज ढिली पडली, ते नसेवाटे बाहेर आले. मग झाली मारामारी. जंतूंनी आणि फौजेने मिळून नसच होरपळून काढली. आता मारामारी संपलीय, पण नस हुळहुळी होऊन बसलीय. साध्या स्पर्शालाही ती आग म्हणते."

"म्हणजे बेलचा दोर अडकलाय," उत्तरेश्वर म्हणाले. "कुणी ओढत नाही तरी वाजतेय."

"तसंच. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर कदाचित इतकं झालं नसतं. काय करत होता तेव्हा?"

"टोकं मोजत होतो," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या.

"अहो काकू, ती नस एकाच बाजूला जाते. पुरळ बहुतेक अर्ध्या अंगावरच थांबतं. टोकं तशीही भेटली नसती."

सुशीलाबाईंनी हाताची वीत मिटून पदराखाली घेतली.

गोळ्या सुरू झाल्या, आणि बरगड्यांवर चिकटवायची बधिर करणारी पट्टी. आग विझत गेली. गोळ्यांच्या गुंगीत तिच्याबरोबर बाकीचंही बरंच विझलं. "काय ढवळे, पुढचा भाग अजून पुण्यातच आहे ना?" रोजच्या एका प्रवाशाने आपणहून विचारलं. उत्तरेश्वरांनी त्याला तिकीट दिलं आणि ते पुढच्याकडे वळले.

त्या संध्याकाळी ते दारात आले. राजनंदिनी फ्रिजपाशी होती.

"दुखतंय का?"

त्यांनी क्षणभर अंदाज घेतला. "नाही गं."

ती सावकाश आली आणि जुन्या सवयीने डावीकडे बिलगली. ते आगीची वाट बघत उभे राहिले. आग आली नाही. दुसरंही काही आलं नाही. तिचे केस दिसत होते, श्वास ऐकू येत होता, पण बरगड्यांवर ना गाल होता, ना ऊब. शेजारच्या लोडाला कुणी मिठी मारावी तसं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते असं आलं, आणि त्यांना नीट वाईटसुद्धा वाटेना.

मग त्यांनी खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली.

"इकडून ये."

"का? इथे दुखतं?"

"नाही. ती बाजू झोपलीय. आजोबा इकडे जागे आहेत."

ती वळसा घालून उजवीकडे आली. तीस वर्षं तिथे बॅगच होती. तिचा गाल गरम होता, आणि बिस्किटाने चिकट झालेला.