आर्णीत घेतलेले बर्फाचे वायपर

माझं पहिलं पोस्टिंग राजस्थानात झालं आणि शेवटचं काश्मीरमध्ये, एका खिंडीच्या पायथ्याशी. दोन्हीकडे मी ड्रायव्हरच. एकीकडे काचेवरची वाळू पुसली, दुसरीकडे बर्फ. हवालदार म्हणून निवृत्त झालो, आर्णीला आलो आणि कापूस-तुरीच्या शेतीला लागलो. एक जुनी जीप घेतली. फौजेतल्या बहुतेक सवयी हळूहळू सुटल्या, एक तेवढी सुटली नाही. हिवाळ्यात संध्याकाळी जीप अंगणात लावली, की दोन्ही वायपर काचेपासून उचलून मी उभे करून ठेवतो.

तिकडे ते करावंच लागतं. काचेला टेकलेला वायपर रात्रीतून गोठून चिकटतो आणि सकाळी ओढला तर रबर फाटतं. आर्णीला फार तर दव पडतं. त्यामुळे शेजारी मजा घेतात. "फौजीसायेब, जीप कोणाले सलामी देऊन राह्यली?" मी हसून सोडून देतो. त्यांना ठाऊक नाही, पण हा विनोद मुळात हरसिंगचा आहे.

लान्स नायक हरसिंग राठोड माझा को-ड्रायव्हर. आर्णीजवळच्याच तांड्यावरचा. त्याच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहून नेलेलं. "उस्ताद, आमचा धंदा थोच हाय," तो म्हणायचा, "बैल तेवढे डिझेल पिऊन राह्यले." वायपर उचलायचं काम त्याचं. ते उचलून तो ट्रकसमोर उभा राहायचा, छाती पुढे, हनुवटी वर, आणि सलामी घ्यायचा. "जवान, आराम से," असं ट्रकला सांगून मगच चहाला यायचा. सुट्टीवर आला की तांड्यावरसुद्धा हे नाटक करून दाखवायचा आणि त्याची बायको, सुमनवहिनी, तोंडाला पदर लावून हसायची.

फोनवर तो तिला बर्फ समजावून सांगायचा. तिने बर्फ पाहिलेला तो फक्त गोळ्याच्या गाडीवर. "जिनिंगात रुई उडते का नाही, तशी उडते. आवाज नाही. अंगावर पडते तरी समजत नाही. एक डाव तुले आणतो." फोन ठेवला की मला म्हणायचा, "उस्ताद, आणाच लागते हिले."

यंदा दिवाळीनंतर वहिनी घरी आली. तिच्या मुलीचं लग्न उरकलं होतं, सोयाबीन निघालं होतं. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "भाऊजी, मले थो बर्फ पाहाचा हाय. पडताना पाहाचा. आन थो रस्ता."

"हिवाळ्यात? लय थंडी असते वहिनी."

"त्याईनं आणतो म्हणलं होतं. आता तुमी न्या."

मी काही बोलायच्या आत माझी बायको आतून म्हणाली, "जाऊ. मी बी येतो."

रेल्वेने जा, तिथे टॅक्सी करा, असं सगळ्यांनी सांगितलं. पण त्या रस्त्यावर दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग देऊन बसणं माझ्याच्याने झालं नसतं. इंजिन, ब्रेक, टायर मेकॅनिकवर सोपवले. वायपर मात्र स्वतः निवडायचे ठरवले.

बसस्टँडजवळ रशीदभाईचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. मी गेलो त्या सकाळी धुकं होतं. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना रुईचे पुंजके अडकले होते. दवाने ओले झालेले. दुकानापाशी पोचलो तरी मी अर्धा तिकडेच होतो, खिंडीखाली.

"थंडीचे वायपर पाहिजेत."

"थंडीके?" रशीदभाई चहाचा ग्लास ठेवून म्हणाला. "वायपर को भी स्वेटर पैनाते क्या, फौजीसाब?"

"बरोबर. स्वेटरवालेच पाहिजेत."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्याच्याच काउंटरवर समजावून सांगितलं. साध्या वायपरला वर लोखंडी सांगाडा असतो आणि त्याला सांधे असतात. सांध्यांत बर्फ भरला की सांगाडा ताठ होतो, काचेच्या गोलाईवर वाकत नाही. दोन्ही टोकं पुसतात आणि मधे, नेमकी ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, एक आंधळी पट्टी राहते. थंडीच्या वायपरचा अख्खा सांगाडा रबराच्या खोळीत असतो. बर्फाला शिरायला जागाच नाही. त्याने बिनसांगाड्याची नवी चपटी पट्टी दाखवली. मी ती वाकवून पाहिली. चांगली होती, पण ओल्या, जड बर्फाखाली दाब पुरेल याची खात्री वाटेना. कदाचित माझा हट्टही असेल. जुनी माणसं हट्टी असतातच. मग एकेका वायपरच्या रबरावरून नख फिरवत गेलो. जे इथेच कडक लागतं, ते तिथे लाकूड होणार.

"इतना कायले पाहता? पट्टीच त हाय."

"रशीदभाई, पट्टी चालली नाही त कोणाले तरी खाली उतरून काच पुसा लागते."

 हरसिंगची गोष्ट आर्णीत सगळ्यांना माहीत आहे. रशीदभाईने काउंटरवरचे सगळे वायपर उचलून आत ठेवले आणि नागपूरला फोन लावला. खोळीचे वायपर दोन-चार दिवसांनी बसने आले. सोबत काचेवर मारायच्या, न गोठणाऱ्या पाण्याचा कॅन होता. तो मी मागितला नव्हता.

ज्यांना ती गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

त्या सकाळी कॉन्व्हॉयमध्ये आमची गाडी चौथी होती. पहाटेपासून बर्फ पडत होता. वायपरचे सांधे भरले आणि माझ्यासमोर आंधळी पट्टी आली. हरसिंग जिथे थांबू तिथे उतरायचा, सांधे मोकळे करायचा, काच पुसायचा आणि हातावर फुंकर मारत परत यायचा. पुढे रस्ता अडला. आम्ही नेमके एका कड्याखाली थांबलो. रेडिओ वाजला.

"नंबर फोर, कड्याखालून बाहेर पडा. शंभर मीटर पुढे. ओव्हर."

"नंबर फोर, रॉजर. ओव्हर."

पण काचेतून काहीच दिसत नव्हतं आणि उजव्या हाताला दरी होती. "उस्ताद, दोन मिनिट," म्हणून हरसिंग उतरला. बंपरवर चढला. हातमोजे काढले, कारण मोज्याने सांधा साफ होत नाही. बर्फ खरवडला, काचेपलीकडून हसला आणि खाली उतरून वायपर चालू करायची खूण केली. मी बटण दाबलं. वायपर एकदा गेला, एकदा आला. तेवढ्यात वरून बर्फ सुटल्याचा आवाज झाला, फार मोठा नव्हता. गाडी हलली आणि थांबली.

काच साफ झाली होती. समोर हरसिंग नव्हता.

दुपारी आम्ही त्याला बर्फातून काढलं. मी तिथे रडलो नाही. तांड्यावर, वहिनीसमोर सगळं सांगताना रडलो. तिने एवढंच विचारलं, "हात उघडेच होते का?" मी हो म्हटलं. "गार पडले असतील," ती म्हणाली.

यंदाचा तो प्रवास मला सलग आठवत नाही. धुक्यातून धुक्यात गेल्यासारखं वाटतं. पिवळी मोहरी, ढाब्यांचा धूर, मागच्या सीटवर झोपलेली बायको, आणि शेजारी वहिनीचे मधूनच येणारे प्रश्न. हाच का तो रस्ता? नाही वहिनी, अजून दूर. पुन्हा धुकं. कधी वाटे डावीकडे हरसिंगच बसला आहे आणि आता काहीतरी बोलेल. मग डोंगर सुरू झाले.

खिंडीखालच्या नाक्यावर पोलिसाने काठी आडवी केली.

"आगे रोड बंद है."

"तीन मोड़ जाना है, बस."

"नहीं हो सकता, उस्ताद."

मी जीप कडेला घेतली. हजारो किलोमीटर येऊन त्या कड्यापासून तीन वळणांवर अडलो, याचा राग आला, लाजही वाटली. वहिनीला म्हणालो, माफ करा. तिचं लक्ष नव्हतं. बर्फ सुरू झाला होता. वायपर झकास चालत होते. काचेवर एक रेघ उठत नव्हती.

"भाऊजी, थे बंद करा."

"काय?"

"वायपर. मले दिसू द्या."

मी बंद केले. पहिले कण काचेवर विरघळले, मग एकेक टिकू लागला. हळूहळू काच भरली आणि गाडीत दुधासारखा उजेड झाला. बायको जागी झाली. 

"रुईच हाय," वहिनी म्हणाली. "खरंच आवाज नाही." आणि ती रडली, अगदी शांतपणे, खूप वेळ.

पोलिसाने टपावर थाप मारली. परत फिरायचं होतं. मी बटणाकडे हात नेला.

"चालू नका करू." तिने दार उघडलं.

"वहिनी, उतरू नका!" माझा आवाज परेड ग्राउंडवरचा निघाला. कोणाला उतरावं लागू नये म्हणूनच तर ते वायपर घेतले होते.

"त्याईनं केलं थे मले एक डाव करू द्या," ती म्हणाली आणि उतरली.

समोर सगळं पांढरं. काचेवर खरखर ऐकू येत होती, ती दिसत नव्हती. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. मग तळहाताएवढं भोक पडलं. त्यात उघडी बोटं दिसली. भोक मोठं होत गेलं.

काच साफ झाली. समोर वहिनी उभी होती.

ती परत येऊन बसली तेव्हा बायकोने तिचे हात आपल्या हातांत घेतले. "लय गार पडतात जी," वहिनी म्हणाली.

आता जीप पुन्हा आर्णीच्या अंगणात आहे आणि वायपर संध्याकाळी उभे असतात. बाजार आटोपून तांड्यावर परतण्याआधी वहिनी आमच्याकडे येते. पिशवी खाली ठेवते, जीपसमोर उभी राहते, छाती पुढे, हनुवटी वर.

"जवान, आराम से," म्हणते आणि मग चहाला आत येते.