शिकारीचा कुत्रा आणि आईची मांजर

आख्खा आंबा मी कॉलेजात जाईपर्यंत खाल्ला नव्हता. मिठबावला आमची स्वतःची कलमे होती, तरीही. झाडावरचे आंबे वानर नासवीत, घरात पिकायला आढीत घातलेले उंदीर कुरतडीत. धड असतील ते देवगडला विकायला जात आणि कुरतडलेले, कापून, आमच्या ताटात येत. यात लाजण्यासारखे काही नव्हते. पण हे असेच चालायचे, असेही मला कधी वाटले नाही.

उंदरांसाठी आईने मांजर पाळली. आढीच्या खोलीतच ती व्याली, तीन पिल्ले झाली आणि त्या वर्षी उंदीर हटले. मग वानरांसाठी बाबांनी वैभववाडीकडच्या एका शिकाऱ्याकडून कुत्रा आणला. वासराएवढा.

आमच्याकडे नवीन जनावर आले की त्याच्या कपाळाला चुलीतली राख लावायची. म्हणजे ते घरचे झाले. बाबांनी राख लावली आणि कुत्रा मोकळा सोडला.

आई म्हणाली, "राख कपाळाक लागली. दातांक लागली काय?"

"अगो, शिकयलेलो कुत्रो आसा. माजरीकडे बगणा पण नाय."

बघत नव्हता, हेच मला खटकत होते. सुट्टीत मी ओटीवर पुस्तक धरून बसे आणि पुस्तकावरून त्याच्यावर नजर ठेवी. मांजर बसलेली असली की त्याच्या लेखी ती नव्हतीच. पळाली की मात्र याचे कान ताठ, मागचे पाय आखडलेले. ती थांबली की पुन्हा झोपेचे सोंग.

मी बाबांना सांगितले.

"कॉलेजात आता कुत्रेय शिकयतत वाटता," ते म्हणाले. "सकाळी दोघांनी एका जाग्यार पेज खाल्ली, बगलंस मा?"

"खाताना कोण पळता, बाबा?"

ते हसले. आई हसली नाही. ती आढीच्या खोलीला कडी लावू लागली. पण एका दुपारी एक पिल्लू खिडकीच्या गजांतून अंगणात उतरले आणि पळाले. मी उठेपर्यंत सगळे संपले होते. ना गुरगुरणे, ना भुंकणे. कुत्र्याने पिल्लू आणून बाबांच्या पायाशी ठेवले आणि मान वर करून उभा राहिला. पिल्लाची मान मोडली होती.

आई काठी घेऊन धावली. बाबांनी काठी धरली.

"मारू नको गो. तो आपलो वाटो मागता."

शिकारीत सावज धरणाऱ्या कुत्र्यालाही मांसाचा वाटा काढतात. पळते ते धरायचे आणि आणून द्यायचे, एवढेच तो शिकून आला होता. त्याला राग नव्हता, वैर नव्हते. म्हणूनच माझा त्याच्यावर कधी विश्वास बसला नाही.

"तेका बांध नायतर घालव," आई म्हणाली. "नायतर मी माजर घेऊन म्हायेराक जातंय."

संध्याकाळी बाबा स्वतःच बांबू फोडून कुत्र्याच्या खोपीच्या भिंतींचा कूड विणायला बसले. ती खोप कलमांत उभी राहिली, खिडकीला रापणीचे, मासे धरायचे जुने जाळे लागले. कुत्रा घरात यायचा तो साखळीने, आणि आईने मांजर आत कोंडल्यावरच.

कुत्रा म्हातारा होईपर्यंत आमच्याकडे राहिला. मी घराण्यातला पहिला बी.ए. झालो, तेव्हाही घरात येतानाची ती साखळी सुटली नव्हती. उरलेली दोन्ही पिल्ले जगली आणि मोठी झाली.