ओरछा गेटची गच्ची, आकाशातून

निघण्याच्या आदल्या दिवशी गच्चीच्या मधोमध उभे राहून मी यंत्रात ‘घर’ असा बिंदू नोंदवला. मुठीत मावणारे हे जीपीएस यंत्र टहरौलीच्या शेताच्या बांधाचा दावा चालू असताना मोजणीसाठी घेतले होते. दावा निकाली निघाला, यंत्र उरले.

झाशीतल्या आमच्या ओरछा गेट वस्तीवरून रोज सकाळी फार उंचावरून विमाने जातात. निर्मला, माझी पत्नी, वाळवण पसरता पसरता विचारते, "त्यांना आपली गच्ची दिसत असेल का हो?" कानाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तिला विमान वर्ज्य केले आहे. त्यामुळे दिल्लीहून बंगळूरला, मुलाकडे, मी एकटाच निघालो. ठरले ते असे: विमान झाशीवरून जाण्याच्या सुमारास तिने आरसा घेऊन गच्चीवर उन्हात उभे राहायचे आणि मी तो वरून चमकताना पाहायचा.

"नाही दिसला तर दिसला म्हणू नका," ती म्हणाली. "मला खरं तेच सांगा."

विमान कंपनीला मी चार पत्रे पाठवली होती. चौथ्याला लेखी उत्तर आले, की केवळ संदेश ग्रहण करणारे उपकरण उड्डाण व अवतरण वगळता वापरण्यास हरकत नाही. त्याच्या तीन प्रती पिशवीत होत्या, दशम्यांच्या डब्याखाली.

"काए बाबूजी, अकेले? बाईसाब नईं जा रईं?" स्टेशनवर सोडताना रिक्षावाल्याने विचारले. मी भाडे मोजून दिले.

दिल्लीत डावीकडची खिडकी मागून घेतली. विमान वर स्थिरावताच यंत्र काचेला टेकवले. ते उपग्रह शोधू लागले. याला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ हात हलवायचा नसतो.

"सर, ये बंद कर दीजिए," हवाई सेविका म्हणाली.

"किस नियम से?"

"सेफ़्टी के लिए, सर।"

ज्या नियमाचा क्रमांक सांगता येत नाही, तो मी मानत नाही. मी पत्र काढले. तिने वरिष्ठ सेविकेला बोलावले. यंत्रात प्रक्षेपक नाही हे दाखवण्यासाठी मी ते काचेपासून काढून त्यांच्या हाती दिले आणि खिडकीकडे पाठ करून पत्रातला एकेक परिच्छेद वाचून समजावला. आवाज चढला होता, हे मान्य करतो. वरिष्ठ बाईंनी शेवटपर्यंत ऐकले आणि यंत्र परत केले.

"जी, आप सही हैं। इस्तेमाल कीजिए।"

मी जिंकलो होतो. यंत्र पुन्हा काचेला लावले. काही मिनिटांनी पडद्यावर अक्षरे उमटली: ‘घर’, बासष्ट किलोमीटर. बाण विमानाच्या शेपटीकडे वळलेला होता.

मागच्या खिडकीशी भोपाळचे एक कापडवाले बसले होते. त्यांना मी विचारले, "नीचे कोई नदी देखी आपने?"

"देखी ना। आप बहस कर रहे थे तब। बड़े-बड़े मोड़ थे।"

ती बेतवा, आमच्या झाशीजवळची.

"और कुछ चमका?"

"चमका तो था कुछ। पानी होगा।"

बंगळूरला उतरताच निर्मलाला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"मी दोन विमानांना दाखवला," ती म्हणाली. "तुमचं कुठलं ते कळेना. दिसला?"

"मी पाहिला नाही. भांडत होतो." मग, वकिलीत आयुष्यभर ऐकीव पुराव्याला हरकत घेतलेला मी म्हणालो, "पण मागच्या गृहस्थांना काहीतरी चमकलेलं दिसलं."

"मग ती मीच," ती म्हणाली.

परतीच्या विमानात पत्र पिशवीतच राहू दिले. कोणी हटकले नाही. बाण थेट खिडकीकडे वळला, ‘घर’ नऊ किलोमीटरवर आले आणि खाली सगळा पांढरा ढग होता. अंतर पुन्हा वाढू लागले तरी मी तळहात काचेवर ठेवून बसलो.

कंपनीला लिहिलेले पाचवे पत्र, तक्रारीचे, न टाकता टेबलावर पडून आहे. आरसा अजून गच्चीवरच आहे. सकाळी विमान दिसले की निर्मला तो माझ्या हाती देते. "धरा. कुणाचं तरी घर इकडे असेल."

मी धरतो. यंत्र खिशात असते. कधी काढून पाहिले तर ‘घर’ तीन मीटर दाखवते, कधी दोन. शून्य मात्र ते कधीच दाखवत नाही.