रस्त्याकडची खोटी खिडकी

घर दिसायला भारी पाहिजे का वापरायला सोयीचं, यावर कुणी वाद घालायला लागलं ना, की मला आमची खिडकी आठवते. थांबा, सांगतेच.

आमचं घर येडगाव धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला. मी आठवीत असताना बांधलं. नारायणगावला जाता-येता आईनं एक बंगला बघून ठेवलेला, मधे दार आणि दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. तिला तस्साच पाहिजे होता. पण आमच्यात दाराच्या डावीकडं धान्याची खोली येत होती. तिथं खिडकी म्हणजे ओल आत, उंदीर आत. वडील म्हणाले, "एकच ऱ्हाऊ दे."

"अवो, एका डोळ्याचं दिसंल घर! लोकं हसतील."

मग गवंड्यानंच तोडगा काढला. बाहेरून चौकट, वर छज्जा, ग्रिल, आणि ग्रिलमागं काचेसारखा निळा ऑइलपेंट. आतून सलग भिंत. रस्त्यावरून कुणाला कळायचं नाही. खरी खिडकी एखाद दिवस पुसायची राहायची, पण ही आई रोज पुसायची.

मी कॉलेजला गेले आणि तिला अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, बोलणं तेवढं शाबूत. हॉलमधे पलंग टाकला तर म्हणाली, "येनाऱ्या-जानाऱ्यानं असं बघायचं का मला? धान्याच्या खोलीत टाका."

पोती हलवली, पलंग आत. दिवसासुद्धा ट्यूब लावायची, आणि लाइट गेली की मिट्ट काळोख. लाइट तेव्हा सारखीच जायची. कांदा काढायला दरवर्षी मढ गावाकडच्या बायका यायच्या, त्या संध्याकाळी परतताना निळ्या खिडकीकडं बघून ओरडायच्या, "काय वं वहिनी, जेवलात का?"

"जेवले गं!" आई भिंतीकडं बघून सांगायची. बाहेर काही ऐकू जायचं नाही.

"वहिनी लई मोठ्या झाल्या, बोलत बी न्हाईत आता," एक दिवस त्यातली एक मोठ्यानं म्हणाली. बाकीच्या हसल्या. मी दारात उभी होते. आईनंही ते ऐकलं. त्यानंतर ती उत्तर देईनाशी झाली.

मला याचं काही वाटत नव्हतं. खरंच. चहा, गोळ्या, भांडी, परत चहा. भिंत फोडू असं मी वडलांना म्हणाले, तेही भाजी काय करायची विचारावं तसं.

आई नकोच म्हणत होती. "बाहेरनं खराब व्हईल."

"बाहेर हात लावत न्हाई वहिनी," तोच गवंडी म्हणाला. "आतलीच काढतो."

दुपारभर ठोकाठोकी, सगळीकडं धूळ. आई पदर तोंडावर घेऊन पडलेली. मग भोक पडलं आणि उजेड थेट तिच्या पायांवर आला. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता रडणार.

"समोरच्यांनी कांदा साठवायची बराखी किती वाकडी बांधलीय," ती म्हणाली. मग म्हणाली, "रस्त्यावरनं गोळ्यांच्या बाटल्या दिसत असतील. जा, बघून ये."

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. बाटल्या दिसत नव्हत्या. आईसुद्धा दिसत नव्हती.

"कसं दिसतंय गं?"

आवाज रस्त्यापर्यंत आला. एकदम स्वच्छ.

"छान!"

"दोन्ही सारख्या?"

डावीकडचा निळा गेला होता, तिथं नुसता अंधार दिसत होता.

"सारख्याच!" मी ओरडले, आणि आत जाऊन चहा ठेवला.