गुरम्माचं करडीवर चाललेलं इंजिन

आमचा जिल्हा नवा झाला आणि पावसानं दडी मारली, असं ते वर्ष होतं. शिरूर अनंतपाळात पिण्याचं पाणी एकाच विहिरीत उरलं होतं, आणि ते वर खेचणारं डिझेल इंजिन गुरम्मा चालवायची. आधी तिचा नवरा भीमाशंकर हे काम करायचा. तो गेल्यावर ग्रामपंचायतीनं कुरकुरत तिलाच ठेवलं. बाईला प्रश्न विचारायची भारी खोड. डॉक्टरला नाडीतून काय कळतं ते विचारायची, कंडक्टरला तिकिटाला भोक का पाडता ते.

एकदा रेडिओवर बातमी आली. पूर्वेकडचा तेल शुद्ध करायचा मोठा कारखाना बंद पडायच्या बेतात होता, आणि देशाला इंधन पुरेल का, याची सरकारला काळजी लागली होती. पारावरचे पुढारी लगेच देशाची चिंता वाहू लागले. गुरम्मानं विचारलं, "तितक्या लांबचा कारखाना बंद पडला, तर आपल्या हिरीचं पाणी कामून थांबावं?" पुढारी पुन्हा देशाकडे वळले. तिथंच बसलेल्या मला तिचा रागच आला, कारण याचं उत्तर मलाही येत नव्हतं.

थोड्याच दिवसांत पेट्रोल पंपावरचं डिझेल संपलं. गुरम्मा तडक वीरभद्राच्या देवळात गेली. तिथं समईसाठी घरोघरचं करडीचं तेल साठवलेलं असायचं.

"स्वामी, यावर दिवा जळतो, तर इंजन कामून चालणार न्हाई?"

पुजारी पंचाक्षरी चिडले. "देवाचं तेल हाय ते, गुरम्मा!"

"आन् तहानलेली लेकरं कुणाची हायती?"

त्यांनी डबा उचलून दिला.

इंजिनाच्या टाकीत तळाला उरलेल्या डिझेलवर तिनं इंजिन तापवलं, मग करडी ओतली. चाललं की हो! विहिरीभोवती भजी तळल्याचा वास सुटला. बायका हसत घागरी भरत होत्या, आणि गुरम्मा धुराच्या नळीशी नाक नेऊन हुंगत होती. असं नवल मी पुन्हा पाहिलं नाही.

संध्याकाळी देवळात घंटा वाजली. घंटा झाली की इंजिन थांबवून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करायची, हा तिचा नेम. तिनं ते तसंच बंद केलं, पोटात करडी ठेवून.

सकाळी इंजिन हूं की चूं करेना. इंधनाच्या नळीतलं तेल गार होऊन डिंकासारखं चिकटलं होतं. आणि दुपारी उदगीरहून डिझेल आलं! कारखाना बंद पडलाच नव्हता.

"कारखाना चालू, आन् इंजन तू बंद पाडलंस!" शेजारची बसम्मा सगळ्यांदेखत ओरडली. गुरम्मा रडली, मग पदर खोचून विहिरीचा दोर ओढायला लागली. मिस्त्री मिळेपर्यंत सगळ्या गावानं हातानं पाणी शेंदलं, बसम्माच्याही तळहाताला फोड आले. मिस्त्री इंजिन खोलून रॉकेलनं धूत असताना गुरम्मा त्याच्या खांद्यावरून वाकून एकेक भाग बघत होती, विचारत होती. तो बिचारा वैतागला.

इंजिन धडधडू लागल्यावर सरपंच म्हणाले, "आता दुसरा माणूस ठेवू."

बसम्मानं घागर खाली ठेवली. "न्हाई. ते कामून बंद पडलं, हे गावात हिला एकलीलाच ठावं हाय. हिलाच ठेवा."