जर्मनच्या हंड्यातलं माशाचं बी

लिहायचं लिहायचं म्हणत तीन महिने ढकलले. आळस नव्हता मित्रांनो, लाज होती... आता वाचा आणि शिव्या घाला.

सोलापूरच्या स्टँडवर वळसंगची एसटी उभी होती. खिडकी मोकळी दिसली म्हणून चढलो, दुसरं कारण नाही. शेजारी बसप्पा नावाचा भोई, पायांशी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा मोठा हंडा. हंड्याच्या तोंडाला ओलं फडकं, आणि त्याखालून हात घालून हा बाबा आत पाण्यावर सारखा थापा मारतोय...

"काय हाय त्यात?"

"माशाचं बी. कलकत्त्यासनं आणलंय."

मासे काय पेरून उगवतात? हातभट्टीच असणार... गुपचूप कंडक्टरला सांगितलं. "भानगड नको, टपावर टाका," तो म्हणाला.

"हात थांबला की गुदमरत्याती वो!" बसप्पा ओरडला. सगळी गाडी हसली. मीही.

हंडा टपावर गेलाच. गाडी सुटल्यावर बसप्पा म्हणाला, "दुष्काळात आमीच खांदलेला तलाव हाय. आता मासे पाळायला आमच्या भोयांच्या सोसायटीला मिळालाय. बी मेलं तर आमची बारा घरं पुन्ना धरणावर माती टाकायला."

तरी संशय जाईना. कुंभारीला गाडी थांबली तसा शिडीनं वर चढलो, फडकं सारून वास घेतला. नुसतं पाणी... आणि जिऱ्याएवढे हजारो जीव, वर येऊन तोंडं उघडत होते. कितीतरी उलटे तरंगत होते.

खाली येऊन कंडक्टरला खरं सांगितलं, तसा त्यानं स्वतः हंडा उतरवून आपल्या सीटवर ठेवला. वळसंगपर्यंत मी आणि बसप्पा आलटूनपालटून थापा मारत होतो. "जोरानं की! भाकरी थापतोयस व्हय?"

निम्मं बी वाचलं. मी तलावावर राखणीला राहिलो. चहाडी माझीच, हे दुसऱ्या दिवशी कबूल केलं. "म्हायती हाय," बसप्पा म्हणाला, "तोंडावरच दिसत हुतं."

काल अंदाजाला जाळं टाकलं... वीत-वीत रोहू! पण एवढा मासा घेणार कोण, या घोरानं बसप्पा रात्री जेवला नाही.

संशयाला एक नजर पुरते, निस्तरायला तीन महिने लागले. तरी या माणसानं मला हाकललं नाही, हे उपकारच.

थांबा... बांधावर एक बाई आलीय, डोक्यावर रिकामी पाटी. सोलापूरच्या मासळी बाजारातली म्हणते. तिला बोलावलं तर कुणीच नव्हतं, आपणहून आलीय. विचारतेय, "हितला रोहू कवा निघणार? पहिली पाटी माझी हां, आदीच सांगते!"